वाळता वाळेना

जुलैचा तिसरा आठवडा, डोंबिवली, तिसरा मजला. हॉलमध्ये पंख्याखाली बांधलेल्या नायलॉनच्या दोरीवर तीन काळ्या चड्ड्या लोंबत आहेत. एक परवा रात्री धुतलेली, एक काल सकाळची, एक आजची. प्रस्तुत लेखिका खुर्चीवर उभी राहून परवाच्या चड्डीचा मधला भाग चिमटीत धरते, मग गालाला लावून बघते. बाहेरून खडखडीत, आतून सर्द. ओली म्हणावी तर पाणी नाही, वाळली म्हणावी तर घालायचा धीर नाही. चौथी चड्डी बादलीत आहे, पाचवी अंगावर. पाळीचा तिसरा दिवस आहे आणि हवामान खात्याने पुढचे तीन दिवस मुसळधार सांगितले आहेत.

ही पाच चड्ड्यांची पलटण साधी नाही. हिला पिरियड पँटी म्हणतात. पॅड नको, वेगळं कापड नको. शोषून घेणारे थर चड्डीतच शिवलेले. घालायची, दिवसभर वावरायचं, धुवायची, पुन्हा घालायची. जाहिरातीत एवढंच असतं. 'धुवायची' आणि 'पुन्हा घालायची' यांच्यामधला तो इवलासा स्वल्पविराम पावसाळ्यात अडीच दिवसांचा असतो, हे जाहिरातीत नसतं.

घरात या वस्तूला ठरलेलं नाव नाही. नवरा 'तुझं ते' म्हणतो. अकरा वर्षांच्या मुलाची अशी समजूत होती की आईने जिम लावली. सासूबाई 'जाडी निकर' म्हणतात. त्यांचं प्रकरण मोठं आहे, पुढे येईल.

सुरुवात भाचीपासून झाली. मँचेस्टरला शिकणारी ही मुलगी २०२४च्या उन्हाळ्यात आली ती तीन नग घेऊनच. "मावशी, आता स्वस्त झाल्यात. टॅक्स गेला ना!" या टॅक्सची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. ब्रिटनने पॅड आणि टॅम्पॉनवरचा कर १ जानेवारी २०२१ पासून शून्यावर आणला. पिरियड पँटी मात्र सरकारी वहीत 'कपडा' या सदरात पडली होती, त्यामुळे तिच्यावर २० टक्के व्हॅट तसाच चालू राहिला. दुकानदार, संघटना आणि खासदार मागे लागल्यावर १ जानेवारी २०२४ला तो हटला. म्हणजे ही वस्तू नेमकी चड्डी आहे की पॅड, हे ठरवायला राणीच्या आणि मग राजाच्या सरकारला तीन वर्षं लागली. आपण हसायचं कारण नाही. आपल्याकडे सॅनिटरी नॅपकिनवर जुलै २०१८ पर्यंत १२ टक्के जीएसटी होता आणि कुंकू, टिकल्या, बांगड्या करमुक्त होत्या.

तीनवर भागेना म्हणून लेखिकेने आणखी दोन इथूनच ऑनलाइन मागवल्या. एकेकीच्या किमतीत पॅडची चार-पाच पाकिटं सहज आली असती. नवऱ्याने बिल पाहिलं आणि काही बोलला नाही. चड्डीच्या किमतीबद्दल बोलायला लागणारी शब्दसंपत्ती त्याच्याकडे नव्हती.

आता चड्डीची रचना. अंगाला लागतो तो थर मऊ सुती किंवा बांबूच्या धाग्याचा. त्याचं काम ओल आत ओढून घेणं, स्वतः फारसं ओलं न राहता. त्याखाली एक किंवा दोन जाड थर, टर्किश टॉवेलच्या जातीचे; हे ओल धरून ठेवतात. त्याखाली पॉलियुरेथेनचा पातळ पापुद्रा चढवलेलं कापड, जे थेंबही बाहेर जाऊ देत नाही. बाळांच्या धुवायच्या डायपरमध्ये असतं तेच हे. आणि सगळ्यात बाहेर नेहमीची चड्डी. रंग बहुतेक वेळा काळा. कारण विचारायची गरज नाही.

किती शोषते? पाकिटावर लिहिलं होतं, 'दोन टॅम्पॉनइतकं'. इथे लेखिका अडली. २०१९ ते २१ मध्ये झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते २४ वयाच्या मुलींना पाळीत काय वापरता असं विचारलं, तेव्हा ६४ टक्के सॅनिटरी नॅपकिन म्हणाल्या, ५० टक्के कापड म्हणाल्या (कित्येकजणी दोन्ही वापरतात, म्हणून बेरीज शंभरावर जाते) आणि टॅम्पॉन म्हणाल्या जेमतेम २ टक्के. ज्या देशात शंभरातल्या अठ्ठ्याण्णवजणींनी ती वस्तू वापरलेली नाही, तिथे तिचं माप सांगणं म्हणजे दूधवाल्याने गॅलनचा भाव सांगण्यातला प्रकार. शेवटी भाचीने उलगडा केला : अमेरिकी मानकाप्रमाणे साधा टॅम्पॉन ६ ते ९ ग्रॅम द्रव धरतो. दोन म्हणजे १२ ते १८. आणि एका अख्ख्या पाळीत सरासरी जाणारं रक्त ३० ते ४० मिलिलिटर.

यावर लेखिकेचा विश्वास बसेना. चाळीस मिलिलिटर म्हणजे अर्धा कटिंग! तीस वर्षं दर महिन्याला ज्याच्या धास्तीने तिने पांढरे कपडे घातले नाहीत, पांढऱ्या चादरीवर झोपली नाही, लग्नघरातल्या पांढऱ्या गादीवर बसली नाही, ते सगळं मिळून अर्धा कटिंग? रक्ताबरोबर इतर स्रावही असतात, त्यामुळे दिसायला ते जास्त दिसतं, हे खरं. आणि ८० मिलिलिटरच्या वर जात असेल तर डॉक्टर त्याला अतिस्राव म्हणतात. तसं असेल तर चड्डीचा ब्रँड बदलत बसू नये, डॉक्टर गाठावा.

तरीही खात्री करणं भाग होतं. एका रविवारी सकाळी लेखिका नवी, एकदा धुतलेली चड्डी आणि खोकल्याच्या औषधाचं दहा मिलिलिटरचं टोपण घेऊन न्हाणीघरात शिरली. पहिलं टोपण ओतलं : गडप. दुसरं : गडप. तिसऱ्याला पाणी क्षणभर पृष्ठभागावर मोत्यासारखं थरथरलं, विचार केला आणि आत गेलं. वा! मग वर्तमानपत्र पसरून त्यावर चड्डी ठेवून ती स्वतः वर बसली, कारण खरी परीक्षा बसल्यावर असते. बाहेरून नवऱ्याने दार वाजवलं, "पाणी साडेआठला जाणार आहे!" आतून उत्तर गेलं, "प्रयोग चालू आहे!" उठून पाहिलं तर पानाचा मधला भाग कोरडा आणि मांडीच्या शिवणीपाशी ओलाव्याची एक बारीक चंद्रकोर. शोध लागला. चड्डी मधून कधीच दगा देत नाही. शोषणारा पट्टा जिथे संपतो त्या कडेला ती दगा देते. आणि चड्डी जरा सैल असली की हटकून देते. म्हणून माप नेमकं हवं. 'घरात घालायला सैलच बरी' हे तत्त्व इथे चालत नाही.

प्रयोगशाळेनंतर प्रत्यक्ष रणांगण. डोंबिवली ते सीएसएमटी ४८ किलोमीटर आणि जागा मिळाली तर बसून. पॅडची एक सवय असते : तो जागेवर आहे हे कळत राहतं. सरकला तरी कळतं, भरला तरी कळतं. त्याचं ओझं हाच त्याचा दिलासा. पिरियड पँटीत असं काही जाणवतच नाही. लेखिकेला ठाण्यापर्यंत मोकळं वाटलं आणि ठाण्यानंतर भीती वाटायला लागली : काही घातलंय की नाही? दादर येईस्तोवर ती तीनदा अर्धी उठून सीटकडे वळून बघून झाली. समोरच्या बाईने तिसऱ्या वेळी न विचारताच सांगितलं, "काही नाही. बसा." लेडीज डब्यात हे तीन शब्द पुरतात. ओळख लागत नाही, नाव लागत नाही. "जरा मागे बघ गं" म्हटलं की कोणतीही बाई कोणत्याही बाईच्या मागे बघते आणि खरं तेच सांगते.

ही भीती काही फक्त मध्य रेल्वेवर नाही. विम्बल्डनमध्ये अंगावर पांढऱ्याखेरीज काही चालत नाही, हा नियम इतका कडक की आतल्या कपड्यांनाही तो लागू होता. खेळाडू बायकांनी पाळीचा त्रास बोलून दाखवल्यावर २०२३ पासून त्यांना पांढऱ्या स्कर्टखाली गडद रंगाची आतली पँट घालायची मुभा मिळाली. जगातल्या सगळ्यात प्रतिष्ठेच्या हिरवळीवर, हजारो प्रेक्षकांसमोर, सर्व्हिस करताना त्या बाईच्या डोक्यातही दादरचाच प्रश्न होता, हे कळल्यावर लेखिकेला तिच्याबद्दल एकदम आपलेपणा वाटला.

पण खरी फजिती बदलताना होते. पॅड बदलायला अर्धं मिनिट लागतं. चड्डी बदलायची तर आधी वरचं सगळं उतरवावं लागतं. सरकारी असो, खासगी असो, आपल्याकडच्या स्वच्छतागृहात तीन गोष्टी ठरलेल्या असतात : जमीन ओली, कडी अर्धवट आणि दाराच्या मागे खुंटीच्या जागी खुंटीची दोन भोकं. दुपारी दोन वाजता लेखिका एका पायावर उभी होती. ओढणी मानेला गुंडाळलेली, पर्स दातात, कुर्ता काखेत, सलवार एका हातात, स्वच्छ चड्डी दुसऱ्या हातात आणि डाव्या पायातली चप्पल जमिनीवर नांगरासारखी रोवलेली. योगाचार्यांनी या आसनाला अजून नाव दिलेलं नाही. मुंबईत बायकांच्या मुताऱ्यांसाठी २०११ पासून 'राइट टू पी' नावाची चळवळ चालू आहे. त्यांच्या मागण्या मोफत, स्वच्छ आणि सुरक्षित जागेच्या. लेखिकेची त्यात नम्र पुरवणी : एक खुंटी.

इथे एक गोष्ट मान्य करावी लागते. या कामाला साडीसारखा पोशाख नाही. साडीतल्या बाईला काही उतरवावं लागत नाही, जमिनीला काही टेकत नाही आणि दोन्ही हात मोकळे राहतात. लेगिंग्जवाल्या पिढीने यावर शांतपणे विचार करावा. काही कंपन्यांनी बाजूला हुक असलेल्या चड्ड्या काढल्या आहेत, पण अंधारात, एका पायावर, मागून हुक लावणं हे ब्लाउजपुरतंच बरं.

वापरलेली चड्डी मग जाते चेनच्या, आतून प्लास्टिकचं अस्तर असलेल्या छोट्या पिशवीत. पिशवी पर्समध्ये. पर्समध्येच डबा. हे सहजीवन मनाला पटायला दोन महिने लागले. एकदा मॉलच्या दारातल्या तपासणीत सुरक्षारक्षक बाईने पिशवीवर दांडी टेकवली, "यात काय?" "पाळीची चड्डी." बाईने दांडी झटकन मागे घेतली. मग आवाज खाली आणून विचारलं, "चांगली असते का? ड्युटी बारा तासांची असते, म्हणून विचारलं." दाराशी रांग वाढत होती. लेखिकेने कडेची चंद्रकोर सोडून बाकी सगळं सांगितलं. मग दोन पावलं गेल्यावर परत येऊन चंद्रकोरही सांगितली.

धुण्याच्या प्रकरणात लेखिकेची अब्रू गेली. पहिल्या महिन्यात तिने स्वच्छतेच्या उत्साहाने चड्डी कडकडीत पाण्यात भिजवली. वर कपड्यांना वास लावणारं ते निळं द्रव झाकणभर ओतलं. मग मोरीत घासत बसली. डाग काळपट होऊन तिथेच बसला. सासूबाई मागे येऊन कधी उभ्या राहिल्या, कळलं नाही.

"गरम पाणी घातलंस?"

"अहो आई, जंतू मरायला नकोत?"

"जंतू मरतील. डाग अमर होईल. रक्ताला कधी गरम पाणी घालतात का? अंडं उकडल्यावर पुन्हा पातळ होतं का?"

सासूबाई सोवळ्याच्या नाहीत, पण अंडं हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकून सुनेला धक्का बसला. शास्त्र मात्र बिनचूक होतं : रक्तातली प्रथिनं उष्णतेने गोठतात आणि धाग्याला धरून बसतात. (योगायोगाने २०१५ साली न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत एका अमेरिकी कंपनीने पिरियड पँटीच्या जाहिराती लावायच्या ठरवल्या, त्यात फोडलेलं अंडं आणि सोललेलं पपनसाच्या जातीचं फळ होतं. जाहिरातींचं काम बघणाऱ्या कंपनीला ती चित्रं अश्लील वाटली. मोठा वाद झाला आणि जाहिराती लागल्या. सासूबाईंचं अंडं न्यूयॉर्कपर्यंत पोचलं होतं म्हणायचं.)

मग त्यांनी चड्डी हातात घेतली, अंगठा आणि तर्जनीमध्ये चुरली, उजेडात धरली.

"घडीच आहे की. खाली मेणकापड. एवढ्याला केवढे दिलेस?"

किंमत ऐकून त्या पाटावर बसल्या.

पुढचा अर्धा तास जे झालं तो वर्ग होता. लग्नाआधी राजापूरकडच्या एका गावात सासूबाईंनी हीच विद्या कापडाच्या घड्यांवर मिळवली होती. जुन्या लुगड्याचं कापड उत्तम, कारण ते धुऊन धुऊन मऊ झालेलं असतं. आधी नुसत्या थंड पाण्याखाली धरायचं, पाणी स्वच्छ येईपर्यंत. मग थंड पाण्यात मीठ घालून भिजत ठेवायचं. साबण शेवटी. पिळायचं नाही, दाबायचं. चड्डीबरोबर आलेल्या इंग्रजी कागदावरही हेच होतं, फक्त मीठ नव्हतं आणि चार 'नाही' जास्त होते : निळं द्रव नाही, कारण ते धाग्यावर थर चढवतं आणि मग धागा पाणी पीत नाही, ब्लीच नाही, इस्त्री नाही, ड्रायर नाही, कारण उष्णतेने मेणकापडाचा पापुद्रा सुटतो. थोडक्यात, पाऊस असो नसो, ही वस्तू वाऱ्यावरच वाळली पाहिजे. आणि पूर्णच वाळली पाहिजे. सर्द घातली तर खाज आणि वास दोन्हींना आमंत्रण.

"तुम्ही पावसात काय करायचात?" सुनेने विचारलं.

"गोठ्यात वाशावर घालायचो. वरून परकर. बापाला, भावाला दिसता कामा नये. उन्हात कधी नाहीच. चार महिने ओलंच वापरलं म्हण ना." त्या थांबल्या. "कावळा शिवला म्हणून बाहेर बसवायचे, आणि बाहेर बसून वाळवायचं मात्र लपून."

त्याच दुपारी सासूबाईंनी मागच्या खोलीतली दोरी सोडवली आणि हॉलमध्ये पंख्याखाली आणून बांधली. सासरे पेपर वाचतात त्या खुर्चीच्या बरोब्बर वर. सासऱ्यांनी एकदा वर पाहिलं, एकदा बायकोकडे पाहिलं आणि खुर्ची दोन फूट पुढे ओढली. चर्चा संपली.

एवढा उपद्व्याप कशासाठी, असं नवऱ्याने एकदाच विचारलं. त्याचं उत्तर पुण्याच्या नणंदेने दिलं. पुण्यात कचरा गोळा करणाऱ्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेच्या बायका उघड्या हातांनी वापरलेले पॅड वेगळे करायच्या. २०१३ मध्ये त्यांनी थैल्या भरून ते पॅड बनवणाऱ्या कंपन्यांकडेच परत पाठवले. पुढे पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, म्हणजे आत काय आहे ते हात घालण्याआधी कळेल, अशी मोहीमही चालली. २०१६च्या घनकचऱ्याच्या नियमांत कंपन्यांनी पॅडबरोबर विल्हेवाटीची पिशवी द्यावी असंही आलं. नणंद सांगते, तिच्या सोसायटीत लाल ठिपके आठवडाभर पडले, मग लाल पेन हरवलं.

म्हणून चड्डी धुतल्या तांदळासारखी आहे असंही नाही. मेणकापडाचा पापुद्रा शेवटी प्लास्टिकच, फक्त तो काही वर्षं टिकतो. आणि २०२३ मध्ये अमेरिकेत 'थिंक्स' या नावाजलेल्या कंपनीने ५० लाख डॉलरपर्यंत भरपाईची तडजोड केली, कारण तिच्या चड्ड्यांमध्ये पीफास जातीची, निसर्गात लवकर न विघटणारी रसायनं सापडल्याचा दावा ग्राहकांनी केला होता. कंपनीने आरोप मान्य केला नाही. हे वाचून लेखिकेने आपल्या चड्डीच्या विक्रेत्याला लांबलचक ईमेल लिहिली : तुमच्या मालात पीफास आहे का, तपासणीचा दाखला मिळेल का? उत्तर दोन मिनिटांत आलं. 'प्रिय ग्राहक, तुमची साइज बदलायची असल्यास सात दिवसांत कळवा.'

ऑगस्टमधल्या एका वादळी संध्याकाळी गॅलरीत दहा मिनिटांसाठी घातलेली चड्डी उडाली. दोन तासांनी पहिल्या मजल्यावरचे काका ती वर घेऊन आले, प्लास्टिकच्या पिशवीत, हात लांब धरून. "वहिनी, मुलाची सायकलिंगची शॉर्ट पडली होती ग्रिलवर. चांगल्या क्वालिटीची दिसते. पॅडिंग आहे." दार सासूबाईंनी उघडलं होतं. त्या म्हणाल्या, "मुलाची नाही, सुनेची आहे. पाळीची. धुतलेली आहे, घाबरू नका." काका जिन्यात दोन पायऱ्या चुकले. आठवड्याने काकूंचा फोन आला, लिंक पाठव म्हणून.

आणि मग गणपतीच्या आधी, घर आवरताना, सासूबाईंनी सुनेला स्वयंपाकघरात गाठलं. आधी पंखा चालू केला, म्हणजे बाहेर ऐकू जाऊ नये.

"माझ्या मापाची मिळते का गं?"

"तुम्हाला? अहो, तुमची पाळी जाऊन वीस वर्षं झाली."

"पाळीचं कुठे म्हणते? खोकला आला की... शिंक आली की... जरासं होतं. भजनाला जायचं बंद केलं ते काय गुडघ्यामुळे?"

सुनेला काय बोलावं सुचेना. वर्षभर हे घरात होतं आणि कुणाला माहीत नव्हतं. तिने फोन काढला आणि वाचून दाखवलं : 'मोदीबोदी' ही ऑस्ट्रेलियातली कंपनी काढणाऱ्या क्रिस्टी चाँग या बाईला ती कल्पना पाळीवरून सुचलीच नव्हती. बाळंतपणानंतर मॅरेथॉनचा सराव करताना तिलाही असंच जरासं होत होतं. सासूबाईंनी चष्मा लावून तिचा फोटो नीट पाहिला. "धावते म्हणतेस? मग माझं भजन काय मोठं." शिवणकामाच्या डब्यातला टेप काढून त्यांनी कंबर मोजून घेतली, आकडा सुनेच्या कानात सांगितला आणि डॉक्टरांकडेही नेण्याचं वचन घेतलं. गुडघ्यांच्या डॉक्टरांकडे नव्हे.

आता दोरीवर सात असतात. सगळ्या काळ्या, सगळ्या सारख्या. म्हणून सासूबाईंनी स्वतःच्या दोन चड्ड्यांच्या कमरपट्टीवर लाल दोऱ्याने खूण घातली आहे, पूर्वी परीट घालायचा तशी. पंख्याच्या बरोब्बर खालची जागा एकच आहे आणि तिथे चड्डी सगळ्यात आधी वाळते. या जागेवरून दोघींमध्ये थोडी कुरबूर झाली. सध्याचा तह असा : पाळीच्या पाच दिवसांत ती जागा सुनेची, आणि मंगळवारी भजन असल्यामुळे सोमवारी रात्री सासूबाईंची. पाळी आणि सोमवार एकत्र आले तर सासऱ्यांनी खुर्ची आणखी दोन फूट पुढे घ्यायची आणि टेबलफॅन तिकडे वळवायचा.